पिस्तुलाचं पॉलिश नेमकं कोण खातं? होल्स्टर, तांबडी धूळ आणि गोव्याची हवा

निवडणूक जाहीर झाली की गोव्यातल्या शस्त्र-परवानाधारकांची ठरलेली लगबग सुरू होते. आचारसंहिता लागते, कुणाची शस्त्रं जमा करून घ्यायची ते जिल्ह्याची छाननी समिती ठरवते, आणि मग शेतकऱ्याची एकनळी, निवृत्त फौजीचं रिव्हॉल्वर, व्यापाऱ्याचं .३२चं पिस्तूल असं सगळं ठाण्यात नाहीतर अधिकृत विक्रेत्याच्या कोठारात जाऊन पडतं. २०२४च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चला लागली ती थेट जूनपर्यंत. मधला सगळा काळ घामाचा आणि दमट. हत्यार परत हातात आलं की मालक ते उजेडात धरून बघतो. नळीच्या टोकाशी काळेपणा गेलेला, एका बाजूला तपकिरी ठिपके, कडेला चंदेरी चमक. मग दोष जातो ठाण्यातल्या कपाटावर, नाहीतर होल्स्टरवर, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या म्यानावर. "चामडं पॉलिश खातं" म्हणणारे एकीकडे, "प्लॅस्टिक ओरबाडतं" म्हणणारे दुसरीकडे.

दोघांचंही म्हणणं अर्धंच बरोबर आहे. होल्स्टरचं साहित्य महत्त्वाचं आहेच, पण ते स्वतः काय करतं यापेक्षा स्वतःत काय धरून ठेवतं हे जास्त महत्त्वाचं. चामडं ओल धरतं, टणक प्लॅस्टिक धूळ अडकवतं, कापड दोन्ही करतं. आणि गोव्यात ओल आणि धूळ या दोन्ही गोष्टींना तोटा नाही.

होल्स्टर नकोच, असं म्हणायचीही सोय नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी छोटं हत्यार नेताना ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, पूर्ण झाकलेलं आणि ताब्यात असावं लागतं.

## ज्याला आपण पॉलिश म्हणतो ते काय असतं?

बोलताना सगळे "पॉलिश" म्हणतात, पण त्यात निदान चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी येतात. कुठली आपल्या हत्यारावर आहे ते कळल्याशिवाय होल्स्टरची चर्चा फुकट.

जुन्या आणि पारंपरिक हत्यारांवर असतं ते ब्ल्यूइंग. हा रंगही नव्हे आणि मुलामाही नव्हे. पोलाद कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या उकळत्या द्रावणात साधारण १४० अंशांच्या आसपास बुडवतात आणि त्याच्या पृष्ठभागाचंच काळ्या लोह-ऑक्साइडमध्ये, म्हणजे मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होतं. थोडक्यात, शिस्तीत आणलेला गंजच तो. दिसतो देखणा, गर्द निळसर-काळा. पण जाडी जेमतेम एक ते अडीच मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शिवाय ब्ल्यूइंग एकट्याच्या बळावर गंज थोपवू शकत नाही. त्याचं खरं काम तेल धरून ठेवणं. तेल गेलं की ब्ल्यूइंग शोभेपुरतं उरतं.

फौजी हत्यारांवरचा करडा, खरबरीत थर म्हणजे फॉस्फेटचा थर, त्याला पार्करायझिंग म्हणतात. तो सच्छिद्र असल्यामुळे तेल भरपूर पितो. दिसायला कळाहीन, पण दमट हवेत ब्ल्यूइंगपेक्षा जास्त भरवशाचा. निकेल हा खरा मुलामा. जोवर अखंड आहे तोवर उत्तम, एकदा कुठे फुगला किंवा सुटला की त्याखाली ओल शिरते आणि पापुद्रे निघू लागतात. हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमियमचा मुलामा, त्याहून कितीतरी कठीण.

नायट्रायडिंगची गोष्ट निराळी, आणि गैरसमज सगळ्यांत जास्त तिच्याचबद्दल. प्रामुख्यानं पोलीस आणि सुरक्षा दलांकडे दिसणाऱ्या ९ एमएमच्या ग्लॉक पिस्तुलांमध्ये पोलादाच्या पृष्ठभागात नायट्रोजन आणि कार्बन मुरवून पृष्ठभागच कठीण केलेला असतो. वर दिसणारा काळा रंग हा निराळा, पातळ थर. होल्स्टरच्या घासण्यानं तो काळा रंग जातो, कडा चंदेरी दिसू लागतात आणि लोक हळहळतात. खरं संरक्षण त्या रंगात नसतंच, ते खाली पोलादात मुरलेलं असतं. म्हणजे ग्लॉकची चंदेरी कड दिसली तर निवांत राहावं, ब्ल्यूइंगच्या रिव्हॉल्वरची चंदेरी कड दिसली तर तेलाची बाटली काढावी. खूण सारखी दिसते, अर्थ वेगळा.

शेवटचा प्रकार सेराकोटसारख्या लेपांचा. पॉलिमरमध्ये सिरॅमिकचे कण मिसळून हत्यारावर फवारतात आणि भट्टीत पक्का करतात. थर साधारण बारा ते पंचवीस मायक्रॉनचा, म्हणजे ब्ल्यूइंगच्या कितीतरी पट जाड. गंजाला उत्तम. कडांवर मात्र तोही झिजतो, कारण धार असलेल्या कडेवर कुठलाही लेप मुळात पातळच बसतो.

## मऊ वस्तू कठीण पोलाद कशी झिजवेल?

ही शंका रास्त आहे. चामडं, नायलॉन, प्लॅस्टिक ही सगळी पोलादापेक्षा कितीतरी मऊ. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या तर मऊ वस्तू आधी झिजायला हवी. होल्स्टर आणि पिस्तूल दोन्ही स्वच्छ असतील तर बहुतांशी तसंच होतं. हजारदा आतबाहेर केलं तर ब्ल्यूइंगला चमक येईल, काही ठिकाणी फिकटही होईल, पण चरे पडणार नाहीत.

चरे पाडतो तो मध्ये अडकलेला कण. भात खाताना दात तांदळानं दुखत नाही, त्यातल्या खड्यानं दुखतो, तसंच हे आहे. आणि इथे मऊपणा उलट अंगावर येतो. टणक पृष्ठभागावर कण घरंगळत जाऊ शकतो, मऊ पृष्ठभागात तो रुतून बसतो आणि पक्का धरला गेल्यामुळे दर वेळी त्याच जागी खरवडतो. कारखान्यांत लॅपिंग नावाची प्रक्रिया मुद्दाम याच तत्त्वावर चालते. मऊ धातूच्या पाट्यात कठीण भुकटी रुतवतात आणि तिनं कठीण वस्तू घासतात.

आता गोव्याची धूळ बघा. सत्तरी, डिचोली, सांगे, धारबांदोड्याकडची तांबडी माती ही जांभ्याची. तिचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडांचा, आणि जोडीला क्वार्ट्झचे कण. खनिजाच्या ट्रकांमागून कधी दुचाकी चालवली असेल त्याला ही धूळ कुठे कुठे शिरते हे वेगळं सांगायला नको. लोह-ऑक्साइडची अगदी बारीक तांबडी भुकटी 'रूज' या नावानं सराफ दागिने चमकवायला वापरतात. म्हणजे आपल्या धुळीतला बारीक भाग पॉलिश घासून चमकवतो आणि जाड भाग चरे पाडतो. किनाऱ्याकडे, कळंगुट-मोरजीच्या बाजूला, वाळूचा त्रास अधिक. क्वार्ट्झचा कठीणपणा मोहच्या मापनपट्टीवर ७, चाकूच्या पात्याचा साधारण साडेपाच. या झटापटीत कोण हरणार ते उघड आहे.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. झीज फक्त हत्यार काढताना-घालताना होत नाही. कमरेला लावून दुचाकीवर फोंड्याहून वाळपईपर्यंत गेलात तर एकदाही हात न लावता पिस्तूल होल्स्टरमध्ये सारखं बारीक थरथरत असतं. अंतर अगदी किंचित, पण फेऱ्या असंख्य. म्हणूनच झीज आधी दिसते ती नळीच्या टोकाशी, पुढच्या माशीवर (नेम धरायच्या खुणेवर), स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, पुढच्या कोपऱ्यांवर आणि रिव्हॉल्वरच्या सिलिंडरच्या उंचवट्यांवर. दाब तिथेच पडतो.

## चामडं: दोष जनावराच्या कातड्याचा की कमावण्याचा?

चामड्याची बदनामी जुनी आहे आणि अगदीच खोटी नाही. पण "चामडं" म्हणून एकच एक वस्तू नसते. कातडं कसं कमावलंय यावर बरंच अवलंबून असतं.

जुनी पद्धत वनस्पतींची. हिरडा, बाभळीची साल, तरवडाची साल यांतल्या टॅनिननं कातडं महिनोन् महिने मुरवायचं. असं चामडं घट्ट, ताठ राहतं, पिस्तुलाच्या आकाराला धरून बसतं. चांगली होल्स्टरं याचीच करतात. दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची. ती झटपट होते आणि चामडं मऊ, लवचीक येतं. पण या पद्धतीत कातडं आधी मीठ आणि आम्लाच्या पाण्यात ठेवतात, आणि धुण्यात कसूर झाली तर क्षार आत राहून जातात. क्षार हवेतली ओल ओढतात. बाजारात स्वस्तात मिळणारी मऊसूत होल्स्टरं बहुधा या जातीची.

मग वनस्पतींनी कमावलेलं चामडं निर्धोक का? कोरडं असेल तर जवळजवळ हो. ओलं झालं की नाही. चामडं मुळात आम्लधर्मी असतं. त्यातलं टॅनिन पाण्याबरोबर बाहेर आलं आणि उघड्या पोलादाला भेटलं की निळसर-काळे डाग पडतात. पूर्वी हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, एकत्र करून शाई करत, ती याच रासायनिक क्रियेवर. पितळेचं तर विचारूच नका. चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवलेली काडतुसं काही महिन्यांत कळकतात आणि त्यांवर हिरवी मेणचट कीट चढते. म्हणून काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात साठवून ठेवू नयेत, पट्टा कितीही रुबाबदार असला तरी.

पावसाळ्यात कपाटातल्या चामडी चपलांवर आणि पट्ट्यांवर पांढरी बुरशी येते हे गोव्यात घरोघरी पाहिलेलं असतं. तीच खूण इथे कामाची. ज्या कपाटात चामड्यावर बुरशी धरते, तिथली ओल पोलादाला गंज चढायला पुरेशी असते. आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की पोलादाचं गंजणं वेग घेतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती कित्येक दिवस ऐंशीच्या खाली उतरत नाही. किनाऱ्यावर खारा वाराही आहे. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते बऱ्यापैकी कोरड्या हवेतसुद्धा पाणी ओढतं. दोनापावल-वास्कोच्या घरांत खिडकीच्या लोखंडी गजांचं काय होतं ते बघितलं की पुरे.

थोडक्यात, चामड्याच्या होल्स्टरमध्ये दिवसभर हत्यार बाळगणं ठीक. त्याच होल्स्टरमध्ये ते महिनाभर कपाटात ठेवणं म्हणजे गंजाला आवतण देणं.

## कायडेक्स म्हणजे काय, आणि ते खरंच ओरबाडतं का?

कायडेक्स हे एका प्लॅस्टिक पत्र्याचं व्यापारी नाव. ॲक्रिलिक आणि पीव्हीसी मिळून केलेला हा पत्रा १९६५ साली अमेरिकेत विमानांच्या अंतर्भागासाठी आला. तापवला की मऊ होतो, साच्यावर दाबला की तोच आकार धरतो, गार झाला की टणक. त्यामुळे पिस्तुलाच्या नेमक्या मापाचं होल्स्टर करता येतं आणि ते आत "टक्" आवाज करून बसतं.

याच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पाणी पीत नाही, आम्ल नाही, क्षार नाहीत, बुरशी नाही. चिखलात पडलं तर नळाखाली धरून साबणानं धुता येतं. चामड्याला हे सुख नाही.

ओरखड्यांचा आरोप मात्र टिकतो, एका अर्थानं. आकार नेमका असल्यामुळे पिस्तूल काही ठरावीक जागीच टेकतं आणि दर वेळी तिथेच घासतं. चामड्यात झीज पसरते आणि धुवट दिसते, कायडेक्समध्ये रेघ उमटते. एकूण झीज कदाचित सारखीच असेल, पण डोळ्यांना रेघ टोचते. त्यात तांबडी धूळ आत गेली तर तिला पळायला जागा नसते. म्हणून मी तरी म्हणेन की कायडेक्स चांगलं की वाईट हे मालक ते किती वेळा धुतो यावर ठरतं. नवीन होल्स्टरच्या आतल्या कडा बोटानं चाचपून बघाव्यात. कापलेल्या कडेला कुसळं राहिली असतील तर बारीक पॉलिश कागदानं घासावीत आणि धुऊनच वापर सुरू करावा.

पाणी पीत नाही म्हणून गंजाची भीती संपली, असंही नव्हे. घामाचा थेंब पिस्तूल आणि कायडेक्स यांच्यातल्या अरुंद फटीत शिरला की तो सुकत नाही. हवा लागत नाही, मीठ तिथेच राहतं. कमरेच्या आत, अंगाला लागून होल्स्टर वापरणाऱ्यांच्या पिस्तुलावर गंजाचे ठिपके अंगाकडच्या बाजूलाच का येतात, त्याचं उत्तर हे. आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर कायडेक्स ठेवू नये, त्या उष्णतेत त्याचा आकार बिघडू शकतो. हत्यार तर तिथे अजिबातच ठेवू नये, त्याची कारणं निराळी.

साच्यात ओतलेली नायलॉनची टणक होल्स्टरं, जी आता पोलिसांकडे दिसतात, त्यांनाही हेच सगळं थोड्याफार फरकानं लागू.

## कापडी होल्स्टर

स्वस्त, हलकं, कुठल्याही मापाच्या हत्याराला "बसणारं". म्हणजे कुठल्याच हत्याराला नीट न बसणारं. ढिलं असल्यामुळे हालचाल जास्त, विणीत धूळ आणि घामाचं मीठ दोन्ही मुरतं, वर पट्टीचं टिचबटण आतून धातूला टेकत असेल तर तिथे हमखास खड्डा. त्यातही ट्रिगर नीट झाकत नसेल तर पॉलिशचा विचार सोडा, ते होल्स्टर वापरूच नका.

## आतून मखमल किंवा स्वेड (केसाळ मऊ चामडं) लावून घेतलं तर?

बरेच जण मोठ्या हौसेनं लावून घेतात. हाताला मऊ लागतं, त्यामुळे पिस्तुलालाही मऊच असेल असं वाटतं. पण केसाळ अस्तर कण सोडत नाही, ओल सोडत नाही, आणि नीट धुताही येत नाही. नवं असताना ते सगळ्यांत सौम्य, एका उन्हाळ्याच्या धुळीनंतर सगळ्यांत खरखरीत. अस्तर हवंच असेल तर गुळगुळीत चामड्याचं घ्यावं.

## स्टेनलेस घेतलं की कटकटच मिटली ना?

निम्मी मिटली. स्टेनलेसवर उडायला थरच नसतो, चरा पडला तरी खाली तेच पोलाद असतं आणि बारीक चरे घासून काढता येतात. पण "स्टेनलेस" म्हणजे डाग कमी पडणारं, कधीच न पडणारं नव्हे. मिठातला क्लोराइड त्याच्यावरच्या अदृश्य संरक्षक थराला भोकं पाडतो आणि बारीक खड्डे पडतात. घामट चामड्यात ठेवलेलं स्टेनलेसही किनाऱ्यावर डागाळतं. शिवाय आतल्या स्प्रिंगा, स्क्रू बहुधा साध्या पोलादाचेच असतात.

जाता जाता रिव्हॉल्वरवाल्यांसाठी. सिलिंडरभोवती गोल फिरलेली रेघ दिसली तर होल्स्टरला शिव्या देऊ नका. सिलिंडर जागेवर अडवणारी आतली खिट्टी घासून ती उमटते, होल्स्टरचा त्यात काही संबंध नाही.

## मग गोव्यात राहून करायचं काय?

आधी हत्यार रिकामं आहे याची खात्री, दोनदा. पुढचं सगळं त्यानंतर.

घरी आल्यावर हत्यार होल्स्टरमधून बाहेर काढायचं. दोन्ही वेगवेगळे ठेवायचे, कुलपात. हा एक नियम पाळला तर चामडं की कायडेक्स हा वाद निम्म्यानं निकाली निघतो. बोटांचे ठसे म्हणजेसुद्धा मीठच, म्हणून कोरड्या सुती फडक्यानं पुसून, बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा. तेल निथळेल इतकं लावलं तर ते धूळ धरतं, चामडं ढिलं करतं आणि काडतुसापर्यंत पोचलं तर आणखी नुकसान. खोबरेल नको. घरात असतं म्हणून हात तिकडे जातो खरा, पण ते खवट होतं, चिकट होतं आणि डिसेंबरच्या पहाटे थिजून यंत्रणा जड करतं. २४ अंशांच्या खाली ते घट्ट होतंच.

कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्या अधूनमधून तापवून वाळवाव्या लागतात. वर्षभर तशाच पडलेल्या पुड्या म्हणजे नुसती खडी. हत्यार प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आतली ओल आतच राहते.

निवडणुकीत जमा करताना चामड्याचं होल्स्टर घरीच ठेवावं. हत्यार पुसून, तेलाचा हात देऊन, दोन्ही बाजूंचे फोटो काढून मगच न्यावं. ठाण्यातल्या कपाटात कुणी आपल्या रिव्हॉल्वरला दर आठवड्याला तेल लावेल अशी अपेक्षा धरू नये. तिथे इतकी हत्यारं असतात की ते शक्यही नसतं.

## पॉलिश गेलंच तर?

हत्यार चालायचं थांबत नाही. नळीच्या टोकाची चमक ही वापराची खूण आहे, बिघाड नव्हे. ब्ल्यूइंग गेलेल्या जागी तेलाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, इतकंच. बाटलीत मिळणारं कोल्ड ब्ल्यू छोट्या चऱ्यांवर फासता येतं, पण ते रंगापुरतं. मूळ गरम ब्ल्यूइंगइतकं ते टिकत नाही.

पूर्ण ब्ल्यूइंग पुन्हा करून घ्यायचं तर आधी पृष्ठभाग घासून साफ करतात, आणि इथे जपायला हवं. बेफिकीर हातानं घासलं तर कडा गोल होतात आणि कोरलेली अक्षरं पुसट होतात. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ८ प्रमाणे हत्यारावरचा क्रमांक किंवा ओळखचिन्ह खोडणं, काढणं, बदलणं हा गुन्हा आहे, आणि ज्याच्या ताब्यात असं हत्यार सापडतं त्यालाच उत्तर द्यावं लागतं. दुरुस्तीचं काम घेणाऱ्यालाही परवाना लागतो. त्यामुळे ओळखीच्या वर्कशॉपमध्ये "जरा बफ मारून दे" हा मार्ग बंद. अधिकृत दुरुस्तीवाल्याकडे द्यावं, क्रमांकाचा भाग घासू नका असं त्याला बजावावं आणि देण्याआधी क्रमांकाचा जवळून फोटो काढून ठेवावा. निकेलला ठिगळ लागत नाही. पापुद्रा सुटला असेल तर सगळा मुलामा उतरवून नव्यानं चढवावा लागतो, आणि साध्या .३२साठी तो खर्च करावा असं मला वाटत नाही.